‘चालू आहे ना?’ हा युक्तिवाद

बोईसरमधल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत घराघरांतल्या वायरिंगच्या तपासणीचा विषय निघाला, की पाच मिनिटांत त्याचा निकाल लागतो. निकाल एका वाक्याचा असतो: ‘अहो, सगळं चालू आहे ना? मग चालू गोष्टीला हात कशाला लावायचा?’ त्यामागून बाकीची फौज येते. एमसीबी बसवलेत. महावितरणने मीटर दिला तेव्हा तपासलंच असणार. आपला वायरमन दहा वर्षं घरात येतोय, त्याला कुठली वायर कुठे जाते ते पाठ आहे. शेवटी हुकमी पत्ता पडतो: हे तपासणीवाले आले की दहा चुका काढणार आणि सगळं वायरिंग बदलायला लावणार, धंदाच आहे तो त्यांचा.

हे बोलणारी माणसं अडाणी नसतात, म्हणूनच त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. त्यांतले निम्मे तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारे असतात, एखाद-दोघे अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले असतात. विजेशी त्यांचा संबंध पुस्तकी नाही, रोजच्या हाताचा आहे. आणि तरीही त्यांचा पहिलाच मुद्दा, ज्यावर बाकीचे सगळे उभे आहेत, तो साफ चुकीचा आहे.

घरात दिवे लागतात, पंखे फिरतात, याने इतकंच सिद्ध होतं की फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी ठिकाणावर आहेत. तिसरी, हिरवी, अर्थिंगची वायर कुठलीही गोष्ट चालायला लागतच नाही. ती तुटलेली असो, कधी जोडलीच नसो, फ्रिज तितकाच गार होतो आणि गिझर तितकाच तापतो. तिचं काम एकाच क्षणी असतं. गिझरच्या कॉइलचं आवरण फुटतं, करंट लोखंडी टाकीत उतरतो, तेव्हा त्याला जमिनीकडे जाणारी सोपी वाट या वायरीने द्यायची असते. ती वाट नसेल तर टाकी आणि नळ जिवंत होऊन बसतात आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाची वाट बघतात. तोवर गिझर चालूच असतो, पाणी गरम येतच असतं. म्हणजे ज्या घराचं अर्थिंग मेलेलं आहे आणि ज्याचं धडधाकट आहे, ती दोन्ही घरं ‘चालू’च असतात. राहणाऱ्याला फरक कळत नाही. कळतो तो मोजणाऱ्याला.

‘मग एमसीबी कशाला बसवलेत?’ वायर वाचवायला. हा गैरसमज इतका खोल गेलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून साधारण पाव अँपिअर करंट जाईल. हृदयाची लय बिघडवून माणूस संपवायला हा करंट पुरून उरतो. आता एमसीबीच्या बाजूने बघा. तो १६ अँपिअरचा आहे. त्याच्या लेखी घरात कुणीतरी ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावला, यापलीकडे काहीही घडलेलं नाही. तो पडणार नाही. त्याने पडायचंही नाही, तसा तो बनवलेलाच नाही.

माणसासाठी जे उपकरण असतं ते वेगळं: आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजवरून गेलेला करंट न्यूट्रलवरून तितकाच परत येतो का, एवढंच ते बघत बसतं. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला तर पापणी लवायच्या आत पुरवठा तोडतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घरगुती जोडणीसाठी हीच तीस मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. किंमत दोन-अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे बऱ्याच घरांत दिवाणखान्यात लावलेल्या झुंबरापेक्षा कमी.

आणि ते बसवलेलं असलं, तरी पुढे त्याचं काय होतं तेही बघा. पहिल्या पावसात भिंत ओली होते, बाल्कनीतल्या पॉइंटमध्ये ओल उतरते आणि आरसीसीबी वारंवार पडायला लागतो. घरातले वैतागतात, टीव्ही मध्येच बंद पडतो. वायरमनला बोलावलं जातं. तो दोन वायरी सरळ जोडून आरसीसीबी बायपास करून देतो आणि वर सांगतो, ‘मशीन खराब होतं.’ चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्यालाच हाकलून द्यावं, तसं हे. गळती जागच्या जागी राहते, पण आता सगळं ‘चालू’ असतं.

आता त्या दहा वर्षांच्या ओळखीच्या वायरमनकडे येऊ. त्याच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. बोईसर-पालघरमधली निम्मी घरं त्याच्या जिवावर उजेडात आहेत, आणि रात्री साडेअकराला फोन केला तरी येणारा तोच असतो. प्रश्न त्याच्या हुशारीचा नाही, त्याच्या पिशवीचा आहे. त्या पिशवीत टेस्टर, पकड, टेप आणि होल्डरला लावलेला एक बल्ब असतो. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे, एवढंच कळतं. अर्थिंग बघायचं तर तो फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरतो. बल्ब झकास पेटतो. ‘बघा, अर्थिंग फर्स्टक्लास.’ आपणही समाधानाने मान डोलावतो.

पण हिशेब मांडा. समजा त्या अर्थिंगचा रोध वाढून वीस ओहम झालेला आहे. साठ वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध तापल्यावर पावणेनऊशे ओहमच्या घरात असतो, त्यापुढे वीस म्हणजे काहीच नाही. बल्बच्या उजेडात फरक दिसणार नाही. उद्या गिझरच्या टाकीत फेज उतरला, तर याच अर्थिंगमधून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. सोळाचा एमसीबी शांत बसेल आणि टाकी जिवंतच राहील. बल्ब पास करतो ते अर्थिंग माणूस मारू शकतं. हे कळायला अर्थ लूपचा रोध मोजणारं यंत्र लागतं, आणि त्यावरचा आकडा वाचून त्याचा अर्थ लावणारा माणूस लागतो.

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा बराच स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होतं आणि २०१० च्या विनियमांतही आलं, की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी बदलाबदल सोडली, तर घरातलं विजेचं कुठलंही काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातून करायचं. नवीन एसी पॉइंट काढणं ही बल्बची बदली नव्हे. जुन्या नियमांत तर जोडलेल्या प्रत्येक संचमांडणीची जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असंही लिहिलं होतं. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा निरीक्षक कधी आला? पुढे ठरावीक दाबाखालच्या मांडण्यांची जबाबदारी मालकाच्या स्वयंप्रमाणनावर सोडली गेली. म्हणजे सरकार या दारातून बाहेर पडलं आणि किल्ली आपल्या हातात देऊन गेलं. ‘महावितरणने तपासलं असणार’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कंपनीची जबाबदारी मुख्यतः मीटरपर्यंतची. मीटर देताना तिने घेतला तो ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, आणि तो रिपोर्ट कसकसा तयार होतो ते इथे कुणाला सांगायला नको. बिल्डरच्या ऑफिसात एका बैठकीत अख्ख्या विंगचे कागद सही होऊन जातात.

तो रिपोर्ट अगदी प्रामाणिक होता असं धरलं, तरी तो कुठल्या घराचा होता? तीन पंखे, चार ट्यूब, एक फ्रिज आणि एक टीव्ही असलेल्या घराचा. त्याच घरात आज दोन एसी आहेत, गिझर आहे, इंडक्शन आहे, आणि रात्री खिडकीतून एक्स्टेन्शन खाली सोडून इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होते. वायर मात्र तीच, भिंतीत गाडलेली दीड चौरस मिलिमीटरची. भार वाढला तसा एमसीबी पडायला लागला, म्हणून कुणीतरी सोळाचा काढून बत्तीसचा घातला. त्या दिवसापासून त्या घरातला फ्यूज म्हणजे भिंतीतली वायरच आहे. चिंचणी-वरोरकडे डायमेकिंगची यंत्रं घराच्या ओसरीत चालतात, तिथे घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो हेच सांगता येत नाही. घरपट्टीत मात्र ते घरच.

इमारतही बदलते, आणि हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. पालघर आणि बोईसरच्या जुन्या इमारतींत अर्थिंगसाठी सर्रास पाण्याच्या जीआय पाइपचा आधार घेतलेला असायचा. पद्धत चुकीची, पण लोखंड जमिनीत जात होतं, थोडंफार काम भागत होतं. मग पाइप गंजले आणि सोसायट्यांनी हौसेने सीपीव्हीसी टाकला. प्लंबर आपलं काम चोख करून गेला. त्या दिवशी अख्ख्या इमारतीचं अर्थिंग प्लास्टिकमध्ये संपलं, हे कुणाला सांगायचं त्याला काय कारण होतं? ज्यांच्याकडे खरा अर्थपिट होता, त्यांनी आवारात पेव्हर ब्लॉक घातले आणि पिट त्याखाली गडप झाला. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं हे सांगणारा जुना सेक्रेटरी फ्लॅट विकून गेला.

त्यात हा मुलूख वायरींना धार्जिणा नाही. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या किनाऱ्यावर खारा वारा तांब्याच्या टोकांना हिरवट करतो, जोड सैल होतात, सैल जोड तापतो आणि तापलेला जोड आणखी सैल होतो. बोईसरच्या हवेची तर वेगळी ख्याती आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वांत वर होता. ज्या हवेत खिडकीच्या जाळ्या गंजतात, त्याच हवेत स्विचबोर्डमधले स्क्रू असतात. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन्‌महिने भूकंपाचे धक्के बसत राहिले, घरांना तडे गेले. ते तडे सिमेंटने बुजवले, पण त्यामागून जाणाऱ्या नळीतल्या वायरीचं काय झालं ते कोण बघणार? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने खांब पाडले, वीज कधी येते याची सगळे वाट बघत राहिले. आल्यावर टाळ्या पिटल्या. वादळात न्यूट्रल कुठे लोंबकळत राहिलाय का हे बघण्याचा तो दिवस नव्हता, कबूल. पण नंतरही तो दिवस उजाडला नाही. आणि न्यूट्रल तुटलेल्या इमारतीत एका घराचे बल्ब मंद जळतात, तेव्हा शेजारच्या घरात २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज चढू शकतं. त्यातही कुणी सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून ठेवलं असेल, आणि हा ‘जुगाड’ आपल्याला वाटतो तितका दुर्मीळ नाही, तर त्या घरातली धातूची प्रत्येक वस्तू जिवंत होते.

आता सभेतल्या त्या निवृत्त साहेबांना थेट विचारतो. तुम्ही ज्या केंद्रात आयुष्य काढलंत, ते १९६९ पासून वीज देत आलं. देशातलं पहिलं अणुविद्युत केंद्र. २०२० मध्ये त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी थांबवल्या गेल्या. पन्नास वर्षं चालल्या होत्या. तेव्हा कुणी म्हणालं का, की चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा? तिथे तर चालू असतानाच मोजमाप चालतं, ठरल्या वेळी शटडाउन घेतलं जातं आणि काही बिघडलेलं नसताना उघडून बघितलं जातं. एमआयडीसीतही तेच. वर्क परमिट असल्याशिवाय पॅनलचं दार उघडत नाहीत, ब्रेकरला टाळं आणि टॅग लावल्याशिवाय मोटरला हात लावत नाहीत, रिवाइंड होऊन आलेली मोटर मेगर केल्याशिवाय चढवत नाहीत. महाराष्ट्रात अशी किती गावं असतील, जिथे मेगर म्हणजे काय हे चहाच्या टपरीवर कुणालाही विचारता येतं? आणि याच गावातला तोच माणूस शिफ्ट संपवून घरी येतो, बाथरूममध्ये गिझरची काळी पडलेली वायर कापून टेप गुंडाळतो आणि मुलांना सांगतो, ‘आता काही होत नाही.’ कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतो म्हणून जीव सांभाळायचा, घरी कुणी बघत नाही म्हणून चालवून घ्यायचं, असा हा हिशेब आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की तारापूरच्या अणुभट्टीचं विचारतात, भीती नाही का वाटत म्हणून. त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो, तिथे मोजतात.

देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने बारा-तेरा हजार माणसं मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत येतं. आगीचे बळी त्यात धरलेले नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात, २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे १३ रुग्ण त्याच दिवशी गेले. एसीतलं शॉर्टसर्किट हेच कारण प्राथमिक माहितीत पुढे आलं. तो एसीही आदल्या रात्रीपर्यंत चालू होता.

राहिला हुकमी पत्ता: धंदा आहे त्यांचा. या आक्षेपात दम आहे, तो मी झटकणार नाही. ‘मोफत तपासणी’ म्हणत येणारा आणि तासाभरात पन्नास हजारांचं कोटेशन काढणारा माणूस मीही बघितला आहे. पण याचं उत्तर तपासणी टाळणं हे नव्हे, तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा ठेवणं हे आहे. परवानाधारक ठेकेदाराला किंवा पर्यवेक्षकाला फक्त तपासणीचे पैसे द्या आणि दुरुस्तीचं काम त्याला मिळणार नाही हे आधीच सांगा. परवाना क्रमांक कागदावर मागा. आणि आकडे मागा. ‘वायरिंग ठीक आहे’ या शेऱ्याला काडीची किंमत नाही. मेन बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजला का, आणि तो एक मेगाओहमच्या वर आला का? प्रत्येक सॉकेटला फेज, न्यूट्रल, अर्थ आपापल्या जागी आहेत का? अर्थ लूपचा रोध किती ओहम आला? आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती मिलिसेकंदांत पडला? बोर्ड उघडून कुठे वितळलेली, तपकिरी पडलेली टोकं दिसली? एमसीबी आणि त्यामागची वायर यांचा मेळ बसतो का? असा कागद हातात असला की दुसऱ्या कुणाकडूनही पडताळता येतो. खोटं बोलणाऱ्याला शेरा लिहिणं सोपं जातं, प्रत्येक सॉकेटचा आकडा लिहिणं जड जातं. मेगर आणि लूप टेस्टर नावाच्या वस्तू ज्याने आणल्याच नाहीत, त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

खर्चाचं म्हणाल, तर हीच सोसायटी लिफ्टच्या तपासणीचे पैसे देते, अग्निशमन यंत्रणेच्या सहामाही फॉर्म बीचे देते, इमारत पंधरा वर्षांची झाली की उपविधींप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिटचे देते. तिथे कुणी ‘इमारत उभी आहे ना?’ असं म्हणत नाही.

फ्लॅटवाल्यांशी वाद घालता येतो, कारण निर्णय त्यांच्या हातात असतो. अवधनगर, खैरापाडा, बेटेगाव, कुरगावच्या बैठ्या चाळींतल्या भाडेकरूच्या हातात काही नसतं. एका मीटरवरून सब-मीटर लावून दहा-बारा खोल्या, पत्र्याच्या छपराखालून गेलेली उघडी वायर, लोखंडी दार, पाण्याच्या मोटरचा स्विच न्हाणीघराच्या भिंतीवर. तिथला कामगार चाळमालकाला ‘अर्थिंग मोजून द्या’ म्हणाला, तर पुढच्या महिन्यात खोली खाली करेल. म्हणून ‘ज्याने त्याने आपलं घर तपासावं’ हा उपदेश तिथे लागू नाही. बिलावर नाव मालकाचं आहे, म्हणजे ग्राहक तोच. त्याच्या हयगयीने कुणी मेलं तर गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली त्याच्यावरच दाखल होऊ शकतो, पण तोवर खोली क्रमांक सातमधला माणूस गेलेला असतो आणि त्याचं गाव हजार-दीड हजार किलोमीटरवर असतं. घरपट्टी लावायला ग्रामपंचायतीचा माणूस चाळीत येतो, एकेक खोली मोजतो, नोंद करतो. बोईसर, सरावली, खैरापाडा, बेटेगावच्या ग्रामसभांनी ठराव करून त्या नोंदीसोबत चाळमालकाकडून दर पाच वर्षांनी परवानाधारकाचा आकड्यांसकट चाचणी अहवाल मागावा आणि तो नोटीस बोर्डावर लावावा, भाडेकरूला न विचारता वाचता येईल असा. दहा खोल्यांचं महिन्याचं भाडं घेणाऱ्याला एका आरसीसीबीचा आणि एका अर्थपिटचा खर्च परवडत नाही, हे ऐकून घ्यायला ग्रामसभेत मी तरी बसणार नाही.